उलटा करून कापलेला कोट

मास्तर कपडा कापायचे तो उलटा करून. दुकानात नव्हे, तिथे गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, असले चाळे चालत नाहीत. पण दरवर्षी गल्लीचा मेळा भरायच्या आधी लोकांच्या जुन्या कपड्यांची गाठोडी यायची आणि मास्तर त्यांच्या पिशव्या बेतायचे, तेव्हा. मेळ्याची सगळी कमाई टेकडीखालच्या शुश्रूषागृहाला जायची. शेवटच्या दुखण्यातल्या माणसांकडून तिथे एक पैसाही घेत नाहीत.

गल्लीतले अर्धे कपडे मास्तरांनीच शिवलेले. सुलट बाजू समोर आली की कोण काय घालून कुठे मिरवलं होतं ते आठवायचं आणि कात्री अडायची. म्हणून कपडा उलटा करायचा, खडूने आखायचा, खिसा हाताला लागला तर तेवढा शाबूत ठेवायचा आणि कचाकच कापून मोकळं व्हायचं. शिवायचं काम धाकट्या बहिणीकडे. आणि नियम एकच: गाठोड्यात आलं ते मेळ्याचं झालं, परत मागायचं नाही.

गेल्या वर्षी बेकरीवाल्या वहिनी धापा टाकत दुकानात आल्या होत्या. यजमानांना जाऊन दोनच महिने झालेले, आणि सुनेने न विचारता त्यांचा चौकड्यांचा शर्ट गाठोड्यात टाकलेला.

"मास्तर, तेवढा एक द्या हो."

मास्तर दारातच आडवे उभे राहिले. "उशीर केलात वहिनी. कापला, शिवला, पिशव्या गेल्यासुद्धा."

साफ थाप होती. शर्ट अखंड टेबलावर पडला होता. पण एकीला दिला तर उद्या सगळी गल्ली रांग लावील, असं मास्तरांचं शहाणपण. वहिनी मुकाट्याने गेल्या. मागे उभी असलेली बायको म्हणाली, "अहो, जीव गेला असता का तुमचा?"

"नियम म्हणजे नियम," मास्तर म्हणाले आणि त्यांनी शर्ट उलटा केला.

त्याच बायकोने पुढे सहा महिन्यांत अंथरूण धरलं आणि त्याच शुश्रूषागृहात डोळे मिटले. मागे राहिलं तिचं कपाट. त्यात तिचा जांभळा कोट होता, तयार विकत घेतलेला. शिंप्याच्या बायकोने दुकानातून कोट आणावा यावरून मास्तरांनी तिला वीस वर्षं छळलं होतं. खिशाचं बटण तुटलं तेव्हाही ती यांच्याकडे आली नाही. हिरवं, न जुळणारं बटण आपल्याच हाताने लावून टाकलं. "असू दे, माझा कोट आहे," म्हणाली.

यंदा मेळ्याआधी बहीण आली तेव्हा मास्तर एवढंच बोलले, "मला त्या कपाटाकडे बघवत नाही गं. तूच बघ." कोट सोडून, हे काय सांगायला हवं होतं? बहिणीने दादाचं मन घट्ट झालं असं समजून कपाट रिकामं करून सगळं गाठोड्यात भरलं.

मेळ्याच्या दिवशी मैदानात भोंगा कोकलत होता, पोरं फुगे फोडत होती. मास्तर सरबताचा पेला हातात घेऊन फिरत होते आणि एकदम थबकले. समोरून बेकरीवाल्या वहिनी येत होत्या. त्यांच्या हातात जांभळी पिशवी. पिशवीला खिसा. खिशाला हिरवं बटण.

तो कोट मास्तरांनी स्वतःच्या हातांनी कापला होता. उलटा करून. वर दिसत होतं नुसतं अस्तर आणि आतली शिवणही त्यांची नव्हती, मग कोट ओळखू तरी कसा येणार?

"ही कुठे मिळाली?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच घेतली, तुमच्या बहिणीच्या टेबलावरून." वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग बटणाकडे. काय ते त्यांच्या लक्षात आलं. त्या बाकावर बसल्या आणि पिशवीतलं सामान एकेक करून मांडीवर काढू लागल्या.

"नको वहिनी. नियम..."

"धरा."

मास्तरांनी पिशवी हातात घेतली आणि त्यांना राहवलं नाही. "वहिनी, गेल्या वर्षी मी खोटं बोललो. तुमचा शर्ट तेव्हा टेबलावरच होता."

"माहीत आहे. बाही लोंबत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्यामागे ती उभी होती. तिच्यादेखत तुम्हाला खोटं कसं पाडायचं?" वहिनी उठल्या, सामान छातीशी कवटाळलं. "मी आपली वर्षभर बाजारात लोकांच्या हातांकडे बघत हिंडतेय. सापडेल कधीतरी."

त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. मास्तरांनी पिशवीच्या खिशात हात घातला. आत बायकोच्या हातची, बटणाच्या दोऱ्याची गाठ बोटाला लागली, आणि भर मेळ्यात ते हुंदके देऊन रडले. लोक बघत होते, बघू देत.

मग डोळे पुसून ते निघाले. मंडप उतरेपर्यंत एकेका माणसाच्या हातातली पिशवी निरखत मैदानभर फिरले. फुलांची होती, पट्ट्यांची होती. चौकड्यांची एकही नव्हती.