कोपऱ्यातला रुपया

मी कीबोर्ड बोलतोय. आता तुम्ही म्हणाल, कीबोर्ड तर दिवसभर बोलतच असतो, त्यात नवल ते काय. खरंय, पण ते सगळं दुसऱ्यांचं. कुणाची लग्नपत्रिका, कुणाच्या ढाब्याचं मेनूकार्ड, कुणाचे भव्य टेनिस क्रिकेट सामने. माझं स्वतःचं म्हणून मी आजवर एक अक्षर काढलेलं नाही. आज काढतोय, कारण दुकानात गिऱ्हाईक नाही आणि मला एका पोरीची फार आठवण येतेय.

मुरबाडला एसटी स्टँडच्या समोर, चहाच्या टपरीला लागून एक गाळा आहे. वर पाटी आहे, 'मनस्वी टायपिंग अँड झेरॉक्स'. त्या पाटीखाली माझा मुक्काम. आमच्या मालकांचं नाव महिपत. मनस्वी ही त्यांची एकुलती एक लेक. पाटीवर नाव तिचं असलं तरी ती आता दुकानात नसते, आणि माझं सगळं दुखणं तिथंच आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. मला कळायला लागलं तेव्हा मी शहापूरच्या बाजारात, हितेशच्या कंप्युटरच्या दुकानात खोक्यात पडलेलो होतो. मनस्वी तेव्हा नुकतीच कॉलेज संपवून बापाच्या दुकानात बसायला लागली होती. ती आली आणि म्हणाली, "हितेशदादा, रुपयाचं चिन्ह छापलेला दाखवा." हितेशनं मला काढला. माझ्या चारच्या बटणावर वर डॉलर, खाली चार आणि उजव्या कोपऱ्यात बारीक रुपया, अशी तीन बिऱ्हाडं आहेत. त्या कोपऱ्यातल्या बिऱ्हाडासाठी तिनं मला पसंत केलं. किन्हवलीवरून येणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीत मला मांडीवर घेऊन बसली आणि मुरबाडपर्यंत एकदाही खाली ठेवलं नाही.

आणि पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. चार दाबला की चार यायचा. शिफ्ट धरून दाबला की डॉलर. रुपया काही केल्या येईना. मालकांनी चष्मा वर केला. "येत नाय तर छापला कशाला? शोभेला?" आयुष्यभर 'रु.' लिहून ज्यांचं भागलं त्यांना काय त्याचं. पण मला लाज वाटली हो. अंगावर गोंदवलेलं नाव आपल्याच तोंडून निघू नये, याला काय म्हणायचं?

मनस्वीनं मात्र हात टेकले नाहीत. दोन दिवस शोधाशोध केली तेव्हा कळलं की आमच्या कंप्युटरला आपण अमेरिकेत बसलोय असं वाटत होतं. तिनं भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला सांगितलं की बाबा रे, तू भारतात आहेस. मग उजव्या हाताचा आल्ट धरला आणि चार दाबला. पडद्यावर ₹ उमटला. मालक वाकून बघत राहिले. "आला गो," एवढंच म्हणाले आणि शेजारून दोन कटिंग मागवले. आमच्या मालकांचं कौतुक म्हणजे एवढंच असतं. ते ज्याला कळतं त्याला पुरतं.

त्यानंतरची दोनेक वर्षं माझ्या सुखाची. तिची बोटं हलकी. ती टाइप करताना गुणगुणायची, आणि मालक झेरॉक्सच्या मशीनशी उगीच खुडबुड करत ऐकत असायचे.

मग तिला बेंगळुरूला नोकरी लागली. घरात पेढे वाटायचे सोडून मालक म्हणाले, "दुकान कोन बघनार?" ती म्हणाली, "बाबा, तुमी बघताच की." ते म्हणाले, "पाटी तुझ्या नावाची हाय." ती माझ्यावर अर्धं राहिलेलं पत्रक पुरं करायला लागली, आणि हे झेरॉक्सच्या मशीनकडे वळले.

जायच्या दिवशी ती बॅग घेऊन दुकानात आली. "बाबा, कल्याणची गाडी लागलीय. येता ना स्टँडवर?" स्टँड काय लांब आहे? रस्ता ओलांडला की झालं. मालक म्हणाले, "अर्जंट काम हाय. तू हो पुढं." दुकानात चिटपाखरू नव्हतं. लाइट गेलेली होती, कंप्युटर बंद होता, आणि हा माणूस मान खाली घालून माझ्यावर टाइप करत होता. मनस्वीनं काळ्या पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. गाडी सुटून गेली तरी यांची बोटं थांबेनात. काय टाइप करत होते म्हणाल, तर काही नाही. नुसतं बडवत होते मला.

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं. भांडण म्हणावं तर तेही नाही. दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. आईला फोन रोज यायचा. मालकीणबाई, म्हणजे कमळताई, दुपारी डबा घेऊन दुकानात आल्या की यांना फैलावर घ्यायच्या. "तिचा फोन आला का टीव्ही बारीक करता. आन् मी फोन पुढं केला का म्हनता, तूच बोल. जेवली का, झोपली का, सगळं मला इचारायला लावता. तुमाला तोंड नाय का?"

"डबा ठेव तिकडं," मालक म्हणायचे.

एकदा कंप्युटर साफ बसला. हितेश शहापूरहून आला, सगळं पुसून नव्यानं भरून देऊन गेला. त्या पुसापुशीत मनस्वीचं सेटिंगही गेलं. नेमका दुपारी विपुल आला. हा गावच्या क्रिकेट मंडळाचा कॅप्टन, त्याला बक्षिसांचं पत्रक हवं होतं. "काका, रु. नको, चिन्ह टाका. मागच्या वर्षी मस्त दिसलं होतं." मालकांनी उजवा आल्ट धरून चार दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. पुन्हा काही नाही. मग त्यांनी फोन उचलला, बराच वेळ हातात नुसता धरला आणि शेवटी लावला. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर माझ्या शेजारी ठेवला.

"मी बोलतोय. दुकानातून. ते रुपयाचं चिन्ह येत नाय."

ती सावकाश म्हणाली, "सेटिंगमध्ये जा. भाषा दिसते का? तिथं इंग्लिश, इंडिया निवडा." तिचा आवाज ऐकून माझ्या सगळ्या बटणांत जीव आला. ₹ उमटला. "आला," मालक म्हणाले. "आला ना? बरं. ठेवू?" "ठेव." एवढंच बोलणं. पण त्या दिवशी विपुलला चहा पाजला, आणि पत्रकाचे पैसे घ्यायचे मालक विसरले.

पुढच्या आठवड्यात एक गंमत झाली. सकाळी मालकांनी स्वतःच्या बोटांनी खानावळीच्या दरपत्रकात रुपयांची रांग लावली. एकही चुकला नाही. आणि दुपारी फोन लावून विचारतात, "ते रुपयाचं कसं होतं गो? इसरलो." मी थक्क. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच.

मग तो नेमच पडला. आज काय, तर हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये येत नाही. उद्या काय, तर बॅनरसाठी जुना मराठी फॉन्ट लावला की रुपयाच्या जागी चौकोन येतो. चौकोनाचं मात्र खरं होतं. त्या फॉन्टच्या जन्माच्या वेळी हे चिन्हच नव्हतं, तर तो बिचारा आणणार कुठून? ती समजावून सांगायची की तेवढ्या अक्षराचा फॉन्ट बदला. मग मोबाइलवर चिन्ह कुठं असतं ते झालं. आणि रुपया सगळीकडून विचारून संपला तेव्हा आमचे मालक परदेशी निघाले.

"मनू, युरो कसा काढायचा?"

"मुरबाडला युरो कुनाला हवाय, बाबा?"

"माळशेजच्या रस्त्याला नवीन हॉटेल झालंय. फ्लेमिंगो बघायला गोरे लोक येतात ना, त्यांच्यासाठी."

असलं हॉटेल मालकांच्या डोक्याबाहेर कुठंही नव्हतं. पण ती शहाण्यासारखी म्हणाली, "डावा आल्ट धरा, आणि उजवीकडच्या आकड्यांवर शून्य, एक, दोन, आठ." युरो आला. मग पौंड आला. पौंडाच्या वेळी कळलं की तिनं खोली बदललीय आणि तिथलं पाणी जड आहे. येनच्या वेळी कळलं की ऑफिसात तिच्या हाताखाली आता दोन माणसं आहेत. "जपानी पन येतात का माळशेजला?" तिनं विचारलं. "येतील," मालक म्हणाले.

एकदा मालकीणबाई डबा घेऊन दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "ताकाला जायाचं आन् भांडं लपवायचं. सरळ इचारा ना, कधी येते ती."

मालकांनी डबा पुढं ओढला. तोच एक प्रश्न त्यांना विचारता येत नव्हता. दर फोनच्या शेवटी ते श्वास घ्यायचे. "बरं, मनू..." "काय बाबा?" "काय नाय. ठेव." दर वेळी मी मनात म्हणायचो, आता विचारतील. सगळ्या देशांचं चलन त्या माणसाच्या तोंडून निघत होतं, ते तीन शब्द तेवढे निघत नव्हते.

रिकाम्या दुपारी ते नुसतेच आल्ट धरून चार दाबत बसायचे. पडदाभर रुपये उमटवायचे आणि मग एकेक पुसायचे. पुन्हा उमटवायचे. मला कळायचं ते कुणाची आठवण काढतायत. मीही तिचीच काढायचो. त्यात माझा चार झिजत गेला. कोपऱ्यातला रुपया आधी पुसट झाला, मग नुसता डाग उरला. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी चारनं मान टाकली.

विपुल पुन्हा पत्रकासाठी आलेला. मालकांनी दाबलं, नाही आलं. सेटिंग बघितलं, ठीक होतं. त्यांनी फोन लावला आणि नेहमीसारखा माझ्या शेजारी ठेवला.

"बोला बाबा. आज कुठला देश?" ती म्हणाली.

"आज आपलाच गो. रुपया. खरंच येत नाय."

"खरंच तर दर वेळीच येत नाय, बाबा." ती हसत होती, पण आवाज ओला होता. "मी सांगायच्या आधीच तुमची बोटं पोचलेली असतात. मला ऐकू येतं. आल्टचा आवाज जाड, चारचा बारीक. पहिल्या आठवड्यापासून ऐकतेय मी."

मालकांचा हात माझ्यावर होता तसाच राहिला. विपुल बाहेर टपरीकडे बघायला लागला. आणि माझं म्हणाल, तर मला वाटत होतं मी एकटाच इथं बसून तिचा आवाज ऐकतोय. तिकडे एवढ्या लांब, परक्या गावात, ती माझा ऐकत होती.

"आज खोटं नाय बोलत, मनू," मालक म्हणाले. त्यांनी चार दाबला.

"थांबा. परत दाबा बरं."

त्यांनी परत दाबला.

"हा तो आवाज नाय," ती म्हणाली. "फुसका येतोय. चार गेलाय, बाबा. एवढा कसा झिजला?"

मालकांनी सांगितलं नाही. "आता काय करू?" म्हणाले.

"आत्तापुरता जुन्या पत्रकातून रुपया कॉपी करून चिकटवा. जमेल ना?"

"तेवढं येतं मला. सगळंच येतं."

"म्हायतेय मला. आन् नवीन कीबोर्ड घ्या हितेशदादाकडून."

"नवीन कशाला..." मालक थांबले. मला वाटलं, आता 'काय नाय, ठेव' येणार. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू कधी येतेस?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "म्हसाच्या जत्रेला येते. सुट्टी मिळाली तर."

"मिळव," मालक म्हणाले. "मी स्टँडवर येतो."

म्हसा आमच्या मुरबाडजवळचं गाव. पौषात तिथं मोठी जत्रा भरते. पौष आता तोंडावर आलाय. सुट्टीचं अजून नक्की कळलेलं नाही. कल्याणची कुठलीही गाडी स्टँडात शिरली की मालक चष्मा वर करून रस्त्यापलीकडे बघतात, आणि जत्रेला अजून अवकाश आहे हे आठवलं की पुन्हा कामाला लागतात. हितेशनं नवा कीबोर्ड पाठवून दिलाय. तो कपाटावर खोक्यात आहे. मालकीणबाई म्हणाल्या, "उघडा की." मालक म्हणाले, "ती आल्यावर उघडील." तोपर्यंत माझ्या उरलेल्या बटणांवर काम चाललंय.

नव्याचा मला राग नाही. त्याच्या चारवर रुपया ठसठशीत असेल, आणि तो तोऱ्यात पत्रकं काढील. माझी जागा माळ्यावर, हे मला ठाऊक आहे. माझं एकच मागणं आहे, मनस्वी, आणि ते तुझ्याकडे आहे. खोकं उघडायच्या आधी एकदा मला जवळ ओढ. उजवा आल्ट धर आणि चारवर बोट ठेव. पडद्यावर काही येणार नाही. आवाज तेवढा होईल, फुसका का असेना. मागे झेरॉक्सच्या मशीनशी एक माणूस उगीच खुडबुड करत उभा असेल, त्याला तो ऐकायचा आहे.