माझे दोन्ही कान पिळले तेव्हा

दचकू नका, मीच बोलतेय. ही दारात उभी असलेली, नखशिखांत चिखलानं माखलेली जुनी गाडी. माझा मूळ रंग हिरवा आहे, पण आज तो ओळखणाऱ्याला बक्षीस द्यावं लागेल. लोक म्हणायचे, हिच्या पोटातलं पाणी हलत नाही. अहो, आज हललंय! आमचं पोट म्हणजे रेडिएटर, आणि तो अजून खदखदतोय. कारण ज्या चढाकडे बघून मोठमोठ्या गाड्या माघारी वळतात तो लाल मातीचा चढ चढून मी वरच्या वाडीत आलेय. माझ्या मालकीणबाई, म्हणजे नर्सबाई, समोरच्या घरात गेल्यात. आत एक बाई अडलीय. आम्ही सगळे बाहेर वाट बघतोय. गप्प उभं राहवत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे सगळ्या बहिणी सारख्याच दिसतात, पण माझ्यात एक वेगळेपण होतं. साध्या गाडीची दोनच चाकं ओढतात, बाकीची दोन मागे-पुढे नुसती फरफटतात. माझी चारही ओढायची. त्यासाठी आत एक छोटा दांडा होता आणि पुढच्या दोन चाकांच्या मधोमध एकेक फिरकी. चिखल लागला की आधी खाली उतरायचं, दोन्ही फिरक्या हातानं वळवायच्या, आणि मग आत येऊन दांडा ओढायचा. मी त्या फिरक्यांना माझे कान म्हणते.

माझा पहिला मालक रस्ते मोजणारा होता. मोठा प्रेमळ माणूस. चढ आला की खाली उतरायचा, माझे कान पिळायचा आणि म्हणायचा, "चल गं पोरी, आता लाड पुरे." की मी निघालेच! शाळेत कान पिळले की मुलं रडतात म्हणे. मला मात्र कान पिळले की बळ यायचं. त्याच्याबरोबर मी किती ओढे ओलांडले, देवालाच ठाऊक.

तो निवृत्त झाला आणि मी एका ऐटबाज तरुणाच्या हाती पडले. वाईट नव्हता हो. मला रोज पुसायचा, माझ्या टपावर चढून फोटो काढायचा. पण मी बाजारातून घरी आणि घरातून बाजारात, एवढंच. एकदा मित्रांना ऐट दाखवायला त्यानं मला नदीकाठच्या वाळूत घातलं. छोटा दांडा तर ओढला, पण खाली उतरून कान कोण पिळणार? त्याला ते माहीतच नव्हतं. मी रुतले. मित्र हसले. तो लालबुंद होऊन म्हणाला, "हिचं चारचं नाटक बंद पडलंय."

मी काय करणार? मला तोंड नाही, हॉर्न आहे, आणि हॉर्नला एकच अक्षर येतं. बस्स! माणसाची असो की गाडीची, एकदा अब्रू गेली की ती परत मिळवायला जन्म जातो. त्यानं मला जुन्या गाड्यांच्या आवारात विकलं आणि माझ्याबरोबर ती अफवाही विकली.

त्या आवाराच्या मालकाला सगळे गोडबोल्या म्हणत. जीभ अशी की खडखडणारी गाडी तो 'गाणारी' म्हणून खपवायचा. पण माझ्याबद्दल मात्र त्यानं, कधी नव्हे ते, खरं समजूनच माझ्या काचेवर रंगानं लिहिलं : 'फक्त सपाट रस्त्यासाठी'. आणि मला कोपऱ्यात, पत्र्याच्या शेडखाली लावलं. बंद पडलेल्या गाड्या आवारातल्या आवारात ओढायच्या, हे माझं काम. पुढच्या आठवड्यात भंगारवाला येणार असं कानावर आलं होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, जायचंच असेल तर जाईन. पण एक चढ दे रे. एकच.

देवाला तसं ऐकू येतं बरं का. थोडा उशीर करतो, इतकंच.

दुसऱ्या दिवशी तिघं आली. पुढे नर्सबाई, मागे त्यांच्या सासूबाई, आणि सर्वांत पुढे जायच्या घाईत असलेले धाकटे दीर. बाईंचे यजमान बेकरीत भट्टीवर असतात, म्हणून गाड्यांतलं 'सगळं कळणारा' माणूस म्हणून दीर आले होते. गोडबोल्यानं त्यांच्यासाठी एक पांढरीशुभ्र उंच गाडी पुसून पुढे काढली होती, आणि बघताक्षणी डोळे दिपतील असा तिचा थाट.

"बाई, फोनवर म्हणालात तशीच," गोडबोल्या म्हणाला. "चारचाकी."

दिरांनी टायरला लाथ मारली. "दणदणीत! वहिनी, डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकूनच घ्यायची तर देवानं डोळे दिलेत कशाला रे?" सासूबाई म्हणाल्या.

चहा आला. सासूबाईंनी साखर बाजूला सारली. "मला बिनसाखरेचा. मनासारखी गाडी मिळेपर्यंत साखर सोडलीय मी."

"आजी, मग आजच गोड करून टाकू," गोडबोल्या हसला.

नर्सबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बघा, मला मिरवायला नकोय. सोमवारपासून वरच्या वाडीचं काम माझ्याकडे येतंय. पावसाळ्यात तिथला चढ म्हणजे नुसतं लोणी. तिथे एक बाई आहे, दिवस भरत आलेत. मागच्या वेळी तिला फळीवर घालून खाली आणत होते. वाटेतच झालं सगळं, बाळ हाती लागलं नाही. मी तिला शब्द दिलाय, या खेपेला तू खाली यायचं नाहीस, मी वर येईन. तर ही गाडी वर जाईल का, एवढंच सांगा."

शेडखाली माझ्या अंगावर काटा आला. गाडीच्या अंगावर काटा कसा येतो ते विचारू नका.

"न जायला काय झालं? चारचाकी आहे!" गोडबोल्या म्हणाला.

"मग दाखव जाऊन," सासूबाई म्हणाल्या. "भांडं घेताना आम्ही वाजवून घेतो."

आवाराच्या मागे गाड्या धुवायची उतरती जागा होती, घोटाभर राडा असलेली. दीर मोठ्या ऐटीत पांढरीत बसले आणि तिला खाली घेऊन गेले. खाली गेली ती छान गेली. वर यायचं म्हटल्यावर मागची चाकं गरगर फिरली आणि बाईसाहेब पोटापर्यंत बसल्या!

"अहो, ही चारचाकी ना?" दीर खिडकीतून ओरडले.

"चारचाकीच! मोजा की," गोडबोल्या म्हणाला.

"पण चारही ओढतात का?"

"चारही कशाला ओढतील? ओढायचं काम मागच्यांचं. पुढची आहेत वळायला."

नर्सबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मी फोनवर चारचाकी म्हटलं ते चारही चाकं ओढणारी म्हणून हो!"

"बाई, चारचाकी म्हटल्यावर मी काय तीनचाकी दाखवू?"

गोडबोल्याचा हा एवढाच मुद्दा बरोबर होता. शब्दानं दोघांनाही फसवलं होतं.

पांढरीला बाहेर काढायला मग कुणाला बोलावलं? मला! दोर बांधला, दीर माझ्यात येऊन बसले. मी जीव तोडून ओढायला लागले, पण माझीही मागचीच दोन चाकं फिरत होती. चिखलाचं कारंजं उडालं आणि थेट गोडबोल्याच्या शर्टावर.

"हिचं ते चारचं यंत्र मेलंय," तो शर्ट झटकत म्हणाला. "म्हणून तर स्वस्त."

नर्सबाईंचा चेहरा उतरला. सोमवार जवळ येत होता, आणि आवारात दुसरी अशी गाडीच नव्हती.

सासूबाई मात्र माझ्याजवळ आल्या. काही माणसांना घाण बघवत नाही, मग ती स्वतःच्या घरातली असो की दुसऱ्याच्या आवारातली. "किती धडपडतेय बिचारी," असं म्हणत त्यांनी रुमालानं माझ्या पुढच्या चाकाचा मध्यभाग पुसायला घेतला. पुसता पुसता थबकल्या.

"अगं, इकडे ये. हे शेगडीच्या बटणासारखं काय आहे? यावर बाण पण आहे."

"आई, हात नका घालू, काहीतरी निघून यायचं."

"निघालं तर परत लावू." आणि त्यांनी ते वळवलं.

टक्!

काय सांगू तुम्हाला! कित्येक वर्षांनी माझा कान कुणीतरी पिळला होता. पण एकच! दिरांनी छोटा दांडा ओढला, मी जोर केला, आणि पुन्हा तेच गरगर. अहो, एक कान पिळून काय होतं? दुसरा, दुसरा! मी हॉर्न देऊ बघत होते, पण गाडीला स्वतःहून हॉर्न देता आला असता तर जगातली निम्मी भांडणं आम्हीच सोडवली असती.

नर्सबाईंनी वाकून ती फिरकी बघितली. "एका बाजूला आहे म्हणजे दुसऱ्याही बाजूला असणार. डोळे, कान, फुप्फुसं, देवानं महत्त्वाचं सगळं जोडीनंच दिलंय." त्या पलीकडे गेल्या, चिखल खरवडला आणि वळवलं.

टक्!

आणि मग, बाई गं! माझी चारही चाकं एकदम जागी झाली. पुढची दोन ओढतायत, मागची दोन रेटतायत, दोर ताठ झाला, आणि पांढरी राजकन्या 'पच्च' असा आवाज करत वर आली. दीर स्टिअरिंगवर थापा मारत ओरडत होते, "वहिनी, ही जातेय! ही जातेय!"

"तुला कुणी सांगितलं थांबव म्हणून? जाऊ दे ना अजून!" सासूबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

पण नर्सबाई हुरळून जाणाऱ्या नाहीत. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. पूर्ण गार होईपर्यंत सगळे थांबले. गोडबोल्या म्हणाला, "चालू आहे तोवर बघून घ्या की." त्या म्हणाल्या, "तापाची गोळी घेऊन आलेल्या माणसाचा ताप कळत नाही. गार गाडी कशी उठते ते मला बघायचंय." मग गोणपाट अंथरून माझ्या खाली शिरल्या. सांगाडा ठोकून ठोकून ऐकला. तेलाची पट्टी काढून जिभेसारखी तपासली. धुराचा वास घेतला. मी गार असूनही दुसऱ्या फटक्यात उठले, श्वास रोखून उभी राहिले.

"खाली पत्र्याला भोक आहे," त्या म्हणाल्या. "एकच वायपर चालतो. हातब्रेक ढिला. पण हाडं शाबूत आहेत. कातडीचं पुढे बघता येईल."

आता गोडबोल्याची जीभ वळली. "बाई, आता चारही चालतायत म्हटल्यावर भाव जरा..."

"काचेवर कुणाचं अक्षर आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"माझंच."

"'फक्त सपाट रस्त्यासाठी' ना? मग सपाट रस्त्याच्याच भावात दे. चढाचा भाव हवा असेल तर चढ शोधून काढणारीला मजुरी दे आधी."

गोडबोल्या हसला. मनापासून हसला. "आजी, तुम्ही माझ्याकडे नोकरीला या, दोघं मिळून राज्य करू." आणि त्यानं स्वतःच्या हातानं काच पुसली. सासूबाईंनी चहा पुन्हा मागवला. "साखर घाल रे, आणि हात आखडू नकोस."

तर मंडळी, कधी माझ्यासारखी स्वस्त, वापरलेली गाडी घ्यायला गेलात तर एवढं ऐका. रंगाला भुलू नका. जिथे न्यायची आहे तसल्याच जागेत घालून बघा. खाली वाकून बघा, कपडे मळले तर मळू द्या. आणि 'ही बिघडलीय' असं कुणी सांगितलं तर एकदा विचारा, बिघडलीय की कुणी नीट विचारलंच नाही?

आज दुपारी निरोप आला. चढाच्या पायथ्याशी बाई उतरल्या, दोन्ही बाजूंनी टक् टक् केलं, आणि म्हणाल्या, "देवाचं नाव घेऊन चल." मी दोनदा घसरले. एकदा तर दरीकडे. बाईंनी घाबरून पाय काढला नाही, मीही धीर सोडला नाही. आणि इथे आले.

बाळाचा बाप मघापासून माझ्या बंपरवर बसलाय. तरणाताठा माणूस, पण बोटानं माझा चिखल खरवडत राहिलाय. "वेळ लागतोय, नाही?" असं तो मलाच विचारतो. मागच्या खेपेला फळीचं एक टोक त्याच्याच खांद्यावर होतं.

थांबा. आवाज आला का? आला! रडण्याचा! केवढ्यानं रडतंय, देवा, रडू दे, खूप रडू दे!

तो उठलाय. कुठे जावं त्याला कळत नाहीय. त्यानं माझ्या बॉनेटवर पंजा आपटलाय. "ऐकलंस? अगं, ऐकलंस का?"

दारातून नर्सबाईंचा आवाज येतोय, "मुलगी आहे. आईही छान आहे. या आत, आधी पाय धुऊन."

तो पळालाय. माझ्या चिखलावर त्याच्या हाताचा ठसा राहिलाय, पाचही बोटं स्पष्ट.

सासूबाईंना कुणीतरी सांगा हो, आज मला धुऊ नका म्हणावं.