घोडीच्या डब्याला सोफ्याची गादी

"मॅडम, या डब्यात उभं राहून तुम्ही स्वतः कधी गेलायत का?"

प्रश्न भिंगरीचा नव्हता. कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती, की घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या खडूस मॅडमना असं विचारायची तुझी छातीच नाही. गेल्याच महिन्यात वक्तृत्वात पहिली आलेल्या मुलीला असं म्हणायचं म्हणजे फटाक्याला काडी लावून वर फुंकर मारायची. भिंगरीनं विचारलं, आणि आईनं मागून असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नाही गेले. तू जा. मी हळू एक चक्कर मारते. कळू दे, तुमचं काम कसं झालंय."

बाबांचा चेहरा उजळला. वीस वर्षं सोफे शिवणाऱ्या माणसाला घोडी न्यायचा, जीपमागे जोडलेला हा डबा आतून मढवायचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. आत सगळा पत्रा आणि त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या. वळणावर घोडी त्यांवर आदळायची आणि खांदे सोलून घ्यायची. बाबांनी आधी टणक फोम आणला होता, पण भिंगरीनं तो दाबून नाक मुरडलं.

"बाबा, ही गादी आहे की पोळपाट? आपल्या दुकानाचा नियम काय? हात बुडला पाहिजे."

"खरंच," आईनं री ओढली, "मुकं जनावर आहे, त्याला तरी मऊ लागू दे."

झालं. टणक फोम परत गेला, मऊ आला. वर लालचुटूक रेक्झिन, आणि आईच्या हौसेखातर सोफ्यासारखी बटणं. आतून डबा नव्या नवरीसारखा दिसत होता.

भिंगरी ऐटीत आत शिरली, मैत्रिणींना महाराणीसारखा हात केला, मागचं दार लागलं. जीप हलली. पहिले दहा-वीस फूट मजेत गेले. मग मॅडमनी वळण घेतलं, आणि पायाखालची जमीन कोणीतरी सतरंजीसारखी ओढली. भिंगरी खांद्यानं भिंतीवर गेली. फोम दबला, दबला, आणि संपला. काडकन लोखंडी पट्टी लागली. पुढच्या वळणाला दुसरा खांदा, वर एक बटण कोपरात रुतलं.

गादी भिंतीला होती. आपटणाऱ्याच्या वाट्याला मात्र लोखंडच येत होतं.

भिंगरीच्या आता लक्षात आलं. आपण सगळ्यांनी तळहातानं दाबून पाहिलं. अंग टाकून कोणीच नाही. तिचं वजन चव्वेचाळीस किलो. घोडी तिच्या दहापट भारी, आणि आज दुपारी डोंगरातल्या वळणांतून तीन तास जायची होती.

दार उघडलं. "कसं?" मॅडमनी विचारलं.

"छान," भिंगरी म्हणाली. वक्तृत्वात पहिली आलेली जीभ तेवढ्या एका शब्दावर आपटून पडली. मॅडम मान हलवून घोडी आणायला गेल्या.

"बाबा, आत या. खांदा आपटा."

"वेडी आहेस का?"

"आपटा म्हणते ना."

बाबा हसत आत गेले आणि धक्का देऊन भिंतीवर पडले. आवाज बाहेर आईला ऐकू आला. ते खांदा चोळत उठले. मग त्यांनी पाच-सहा ठिकाणी कोपर दाबून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी लोखंड. 

"हे आपण केलं?" आत डोकावत आई पुटपुटली. तिचा हात एका बटणावर होता. तो तिनं चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"एवढी फेरी होऊ दे," बाबा हळूच म्हणाले. "परत आली की गुपचूप बदलू. आणखी तीन डबे देणार आहेत त्या. आत्ता सांगितलं तर दारातसुद्धा उभं करणार नाहीत आपल्याला."

"आणि घोडीला लागलं तर?"

"पूर्वी पत्र्यावरच आपटायची की."

"पूर्वी मॅडम जपून चालवायच्या, बाबा. आता गादी आहे म्हणून जोरात जातील."

 तबेल्याच्या कोपऱ्यावरून तांबूस घोडी वळली. मॅडम तिच्या मानेवर थोपटत काहीतरी बोलत होत्या, इतक्या प्रेमानं की या खडूस बाई आहेत हे भिंगरीला पटेना. कुंपणापलीकडच्या दोघी अजून खिदळत होत्या.

घोडी डब्यात चढायची त्या फळीवर भिंगरी वाट अडवून उभी राहिली. खांदा ठणकत होता.

"आई, बाबा, मी मॅडमना सांगणार आहे. टणक फोम मीच परत पाठवायला लावला, हेही सांगणार. घोडी आज यात चढणार नाही."