कंटाळा कशाचा

“हिला उदास-बिदास काही नाही हो. ते यंत्र बांधा एकदाचं मनगटाला, म्हणजे नाटक उघडं पडेल,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून नातीला खेटून बसल्या.

सिस्टरने नियम सांगितला. मुलांशी एकट्यानेच बोलायचं असतं, पालकांनी बाहेर थांबायचं. मोठ्या बाईंना हे वाक्य ऐकायची सवय नव्हती; मुख्याध्यापिका म्हणून जन्मभर त्यांनीच ते लोकांना ऐकवलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी चाल अजून वर्गावर्गांतून फेरी मारल्यासारखीच. मुलगा-सून परगावी नोकरीला, नात यांच्या ताब्यात. त्या उठल्या आणि जाता जाता नातीला पाठ ताठ करायला सांगून गेल्या.

त्यांनी सिस्टरला ओळखलं नव्हतं. सिस्टरने मात्र त्यांना जिन्यात वाजलेल्या चपलांवरूनच ओळखलं होतं.

दवाखान्याच्या या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचं संशोधन चालायचं. वयात येणाऱ्या, नैराश्य आलेल्या मुलांच्या मनगटाला एक पट्टा बांधायचा. तो झोप, नाडी, हालचाल टिपतो. त्यावरून मन खचायला लागल्याचं आधीच कळतं का, ते पाहायचं. पण पट्टा मागेल त्याला मिळत नसे. त्रास फार हलका असेल तर मूल अपात्र. फार जड असेल तरी अपात्र. मग अभ्यास बाजूला आणि तडक उपचार. ही पहिली चाळणी सिस्टर करायची. मुलं तिला ‘पट्टेवाली वाघीण’ म्हणत. ती रागावल्याचं दाखवायची, पण वाघीण म्हटलेलं कुणाला आवडत नाही?

सुरुवातीलाच इथे सगळ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. “उदास वाटतं का?” असं विचारलं की मुलं सरळ नाही म्हणतात. उदास हा शब्द त्यांच्या लेखी पुस्तकातला. मुलं म्हणतात, कंटाळा आलाय. म्हणून डॉक्टरीणबाईंनी दंडकच घातला होता: मूल कंटाळा म्हणालं की तिथे थांबायचं नाही, कशाचा ते विचारायचं. कुणाला गणिताचा असतो, कुणाला बापाच्या उपदेशाचा. आणि एखाद्याचं उत्तर ऐकून सिस्टरला हातातलं काम टाकून डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावावं लागायचं.

हाच शब्द सिस्टरची मुलगी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये बोलली होती. दहावीत होती तेव्हा. जेवण तुटलेलं, वर्गात भिंतीकडे बघत बसायची. सिस्टर तिच्यासाठी थोड्या दिवसांची रजा मागायला गेली होती. मोठ्या बाईंनी मुलीला काय होतंय ते विचारलं. ती म्हणाली, कंटाळा आलाय. मोठ्या बाई खळखळून हसल्या. रजा दिलीच नाही. वर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला तिला सगळ्या शाळेपुढे उभं करून, ‘आमच्या कंटाळलेल्या राणीसाहेब’ अशी ओळख करून दिली. परीक्षेच्या आधीच मुलगी गेली. आपल्या हातानेच गेली.

तेव्हापासून सिस्टर मोठ्या बाईंशी भांडत होती. भांडी घासताना, बसच्या रांगेत, सलाईन लावतानासुद्धा. असे टोले हाणायची की बाईंना पळता भुई थोडी व्हावी. शेजारीण कधी कधी भिंतीपलीकडून विचारायची, पाहुणे आलेत का? आणि आज नशिबाने ताटात वाढून समोर ठेवलं होतं.

नात पंधरा वर्षांची. टोपीचं जाकीट, हात बाह्यांत ओढून घेतलेले.

“उदास वाटतं का गं?”

“नाही.”

“मग?”

“कंटाळा आलाय.”

सिस्टरला आता करायचं काहीच नव्हतं, तीच तर गंमत होती. फक्त पुढचा प्रश्न विचारायचा नाही. मुलगी अपात्र. आजी घरी नेईल, कामाला लावेल. मग एके दिवशी मोठ्या बाईंनाही कळेल, कंटाळा काय चीज असते ते. फिट्टंफाट. विचार मनात आला आणि तिने त्याला हाकललं नाही. थंडीत शेकोटीजवळ बसावं तशी ती त्याच्याजवळ बसून राहिली.

“झालं का?” मुलीने विचारलं. “मी जाऊ?”

किती शहाण्यासारखं विचारलं. कुणाला त्रास नको म्हणून आधीच अर्धी उठली होती.

“बस,” सिस्टर म्हणाली. “कंटाळा कशाचा?”

मुलगी टेबलाची कड नखाने खरवडत राहिली. “रोज परत उठावं लागतं ना, त्याचा. आता नाही उठायचं. ठरवलंय मी.”

डॉक्टरीणबाई आल्या, मुलीजवळ बसल्या, तिला दाखल करायचं ठरलं. मुलगी सुखरूप होती, एकटी नव्हती. आता बाहेर जे होतं ते सिस्टरच्या वाट्याचं होतं.

मोठ्या बाई बाकावर बसल्या होत्या. निवड झाली का, असं त्यांनी विचारलं.

“अपात्र,” सिस्टर म्हणाली आणि मुद्दाम तिथेच थांबली.

बाईंचा चेहरा फुलला. त्यांनी लगेच मुलाला फोन लावला, बघ, मी काय म्हणत होते, नुसती सोंगं, दवाखान्यानेच सांगितलं, असं सगळ्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. सिस्टर ऐकत उभी राहिली. चढू दे, चांगली वरपर्यंत चढू दे.

मग ती बोलली. “बाई, त्रास फार जड असला तरी आम्ही अपात्रच म्हणतो. तिला आत्ता दाखल करतायत. कंटाळा आलाय तिला, जगायचा. कंटाळ्याने कुणी मरत नसतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं, तुमच्या केबिनमध्ये. माझी मुलगी दहावीत होती.”

फोनमधून मुलगा हॅलो, आई, हॅलो करत राहिला. मोठ्या बाईंनी सिस्टरकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ओळख हळूहळू वर आली.

“ती गेली तेव्हा मी शाळेला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती,” त्या म्हणाल्या.

त्या नाकारतील, रडतील, उलट बोलतील, या सगळ्यांवर सिस्टरची उत्तरं तयार होती. अर्ध्या सुट्टीवर एकही नव्हतं. तरी खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. पोट भरलं नाही, पण उपाशीही राहिली नाही.

ती आत गेली. वॉर्डात नेण्याआधी दोऱ्या, नाड्या, सगळं काढून घ्यावं लागतं. तिने गुडघ्यावर बसून मुलीच्या बुटांच्या लेस सोडवल्या, जाकिटाच्या टोपीची नाडी ओढून काढली, तिच्या गालावरून हात फिरवला. मग बाहेर येऊन ते सगळं आजीच्या हातात ठेवलं. हे कशाला, असं मोठ्या बाईंनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

“नीट गुंडाळून ठेवा,” सिस्टर म्हणाली. “बरी होऊन घरी जाताना परत ओवायच्या असतात.”

बाई गुंडाळायला लागल्या. एक लेस निसटून फरशीवर पडली. एरवी अशा वेळी सिस्टर कुणाचंही उचलून द्यायची.

ती उभीच राहिली. मोठ्या बाईंनी एक हात बाकावर टेकला आणि त्या कशाबशा वाकल्या.