साहेबाची नस्ती

वैजयंतीबाईंनी जाड हातमोजे चढवले, साहेबाला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि त्याचं पुढचं उजवं पाऊल बोटांत धरलं. पहिलं नख नीट कापलं गेलं. दुसऱ्या नखाला कात्री जरा खोल गेली आणि रक्ताचा ठिपका दिसला. सहा वर्षांत हे एकदाही झालं नव्हतं. त्यांनी चटकन पाऊल कॉर्नफ्लॉवरच्या वाटीत बुडवलं, रक्त थांबेपर्यंत दाबून धरलं आणि स्वतःवरच चिडून म्हणाल्या, "माझ्या हाताला आज झालंय तरी काय, साहेब?"

राखाडी रंगाचा, एक कान पडलेला, अंगानं भारदस्त असा तो ससा टॉवेलातून नुसतं नाक हलवत राहिला.

हाताला काय झालं होतं ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. सकाळी आठला फोन आला होता.

"आजी, मी शमिका. टी. टी. नगरवाली. तुम्हाला याद नसेल. साहेब आहे ना अजून? मतलब, जिवंत आहे ना?"

आहे, असं म्हटल्यावर पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग 'अकरा वाजता येऊ का' एवढं विचारून पोरीनं फोन ठेवला.

भोपाळमधल्या करोंदच्या मंडीमागच्या या घरात सध्या अकरा ससे होते. बाईंना ही खोड लागली ती तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना. बदली झाली की लोक कूलर बरोबर नेत, गॅसची शेगडी नेत, मुलांसाठी हौसेनं आणलेला ससा मात्र अंगणात सोडून जात. बाई तो उचलून आणायच्या, बरा करायच्या आणि चांगलं घर पाहून देऊन टाकायच्या. ज्याला देता येणार नाही, कुणाची मान कायमची वाकडी, कुणाचे मागचे पाय लुळे, कुणाचे दात दर तीन आठवड्यांनी कापावे लागणारे, तो मरेपर्यंत इथंच राहायचा. अशांच्या जाळीच्या दाराला बाई लाल फीत बांधत. सध्या अकरापैकी सात दारांना फीत होती.

फीत अर्थातच कचेरीतून आलेली. भोपाळच्या कचेऱ्यांत फायलीला नस्ती म्हणतात, आणि प्रकरण संपलं की ती नस्तीबद्ध होते. बाईंनी एकतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढली होती. निवृत्तीच्या दिवशी इतरांनी शाल-श्रीफळ घरी नेलं, बाईंनी शाल-श्रीफळाबरोबर सगळ्या सवयीही आणल्या. प्रत्येक सशाची वेगळी नस्ती होती. आत पानांना क्रमांक होते, आणि टॅग ओवायला भोकं पाडलेली होती.

फोन झाल्यावर पोरीचं नाव पाहावं म्हणून त्यांनी साहेबाची नस्ती काढली होती. सगळं जागच्या जागी होतं. परत करणाऱ्याचं नाव अमृता, म्हणजे शमिकाची आई. कारण, ससा मुलीच्या बोटाला चावला. खाली बाईंच्याच अक्षरात शेरा: 'चावरा आहे. कुणालाही देऊ नये. आजन्म.' आणि त्या पानाच्या मागे टॅगमध्ये ओवलेलं एक पाकीट होतं. बंद होतं. पाठीवर वेड्यावाकड्या अक्षरात 'शमिका, सहावी ब' असं लिहिलेलं.

पाकीट आलं तो दिवस बाईंना लख्ख आठवला. साहेबाला परत आणून सोडल्यावर तीनेक आठवडे झाले होते. आता दुसरा ससा मागत असतील, असं मनात येऊन त्यांचं डोकं फिरलं होतं. बंद नस्तीवर कागद आला तर तो शेवटी लावून द्यायचा, वाचत बसायचं नाही, ही रेकॉर्ड रूमची रीत. त्यांनी पंच घेतला, पाकिटाला भोक पाडलं आणि टॅग ओवला. त्या कामाला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

आज सकाळी त्यांनी ते सुरीनं उघडलं.

'आजी, साहेब मला चावला नाही. मी गाजर कापत होते तेव्हा चाकू लागला. चाकूला हात लावायचा नाही असं आईने सांगितलं होतं म्हणून मी खोटं बोलले. मला इंजेक्शनं पण दिली तरी मी बोलले नाही. आईला सांगायची हिंमत होत नाही. तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल. त्याला परत पाठवा. त्याला रागावू नका.'

खाली पेन्सिलनं ससा काढला होता. बाईंनी पाडलेलं भोक बरोबर त्याच्या कानातून गेलं होतं.

तेव्हापासून बाईंना एका जागी बसवत नव्हतं. मे महिना, नऊ वाजताच पत्रे तापायला लागलेले. त्यांनी फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या काढून प्रत्येक सशाशेजारी आडव्या ठेवल्या. पाच मिनिटांत पुन्हा येऊन त्याच बाटल्या सरळ केल्या. गोणपाटं भिजवली, ती ओलीच असताना परत भिजवली. मंडीतून आलेला पाला निवडायला घेतला, जुड्या सोडल्या आणि सडकी पानं चांगल्या पानांत टाकली. हातांना कोथिंबिरीचा वास लागला, तो नळाखाली धुवूनही जाईना.

मधल्या काळात साहेबाला पाच जणांनी मागितलं होतं. त्यातलं एक जोडपं तर मूलबाळ नसलेलं, शांत, अरेरा कॉलनीत अंगण असलेलं. तीनदा आले होते. बाईंनी तिन्ही वेळा फीत दाखवली होती. "चावतो," असं सांगितलं होतं. लोकांनी विचारलं, तुम्हाला नाही चावत? तर बाई भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले हातमोजे दाखवायच्या. हातमोजे आहेत म्हणून चावत नाही, असं त्या मनापासून मानत होत्या. त्यानं कधी हातमोज्यांनाही दात लावला नव्हता, हे आज सकाळपर्यंत त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. सहा वर्षं या जिवाला उघड्या हाताचा स्पर्श झाला नव्हता. बाईंना स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

आता ती पोर येणार. तिला काय सांगायचं?

पत्र मिळालं नाही, असं म्हटलं की संपलं. अर्ध्या हयातीत हेच उत्तर त्यांनी हजारदा टाइप केलं होतं. त्यावर पुढे कुणी काही विचारत नाही.

अकराला दहा कमी असताना फाटकाशी स्कूटी थांबली. डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी गुंडाळलेली एक उंच मुलगी उतरली. ओढणी सोडल्यावर आतून चष्मा आणि घामानं भिजलेला चेहरा निघाला. हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"याला कोथिंबीर आवडायची," ती म्हणाली. "अजून खातो ना?"

"खातो की. ये, आत ये. पाणी पी आधी."

शमिकानं पाणी घेतलं नाही. ती सरळ जाळीशी गेली. आत साहेब पसरला होता आणि त्याच्या कुशीत मान वाकडी असलेली, मावशी नावाची पांढरी मादी झोपली होती. मुलगी खाली जमिनीवर बसली.

"आजी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. तो मला चावला नव्हता. मी चाकूनं कापून घेतलं होतं आणि त्याचं नाव घेतलं. मी तुम्हाला चिठ्ठी पण टाकली होती तेव्हा. उत्तर नाही आलं, तर मला वाटलं, तुम्ही खूप गुस्सा झाल्या असाल."

"चिठ्ठी?" बाई म्हणाल्या. "मिळाली नाही गं मला."

वाक्य इतकं सहज आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"ओह." शमिकानं चष्मा काढून डोळे पुसले. "मतलब, तुम्हाला माहीतच नव्हतं? तुम्ही त्याला चावरा समजूनच ठेवलं? पूरे सहा साल?" तिनं चष्मा परत लावला. "असा ससा कोण ठेवतं, आजी. लोक रस्त्यावर सोडतात. तुम्ही सच में खूप चांगल्या आहात."

हे मात्र बाईंना सोसवलं नाही. तिनं दोष दिला असता तर त्या गप्प बसल्या असत्या. त्या उठल्या, घरात गेल्या आणि नस्ती घेऊन बाहेर आल्या. शेवटचं पान उघडून त्यांनी ती मुलीच्या मांडीवर ठेवली.

शमिकानं पाकीट पाहिलं. तिचं बोट त्या भोकावरून फिरलं.

"कधी उघडलं?"

"आज सकाळी."

"आणि आलं कधी होतं?"

"तू टाकलंस तेव्हाच. बंद प्रकरणातला कागद म्हणून मी न वाचता लावून टाकला. आत्ता तुझ्याशी खोटंही बोलले. माझं फार चुकलं, शमिका."

बाईंना वाटलं, आता ही उठून निघून जाईल, आणि गेली तर तिला थांब म्हणायचा आपल्याला काही हक्क नाही.

"मी रोज पोस्टमनला विचारायची," शमिका म्हणाली. "दोन महिने. तो मला बघून दुरूनच हात हलवायचा, नाही म्हणून."

बाईंनी मान खाली घातली.

"आता नेऊ का त्याला? पेपर झाल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती हो म्हणाली आहे. मी कॉलेज पण इथलंच घेतलं आहे."

हा प्रश्न येणार हे बाईंना ठाऊक होतं. त्याचं उत्तर शोधायला नस्ती पाहायची गरज नव्हती.

"नाही बाळा. तेव्हा नेता आला असता. आता तो साडेआठ वर्षांचा आहे, मूत्रपिंडं दमली आहेत त्याची. रोज सकाळी कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. आणि मावशीची मान अशी, तिला तो टेकायला लागतो. त्याला नेलं तर ती पडते. दोघांना हलवलं तर दोघंही खाणं सोडतील. आता खरंच तो कुठं जाण्यासारखा उरला नाही."

शमिकानं मान हलवली. तिला पटलं होतं, आणि ते पटणंच फार कठीण गेलं होतं, हे तिच्या जबड्यावरून दिसत होतं. मग तिनं विचारलं, "सलाईन किती वाजता असतं?"

"साडेसहाला."

"शिकवाल मला?"

"शिकवीन."

शमिका जाळीजवळ सरकली आणि कडीला हात घालताना तिची नजर खिळ्यावरच्या हातमोज्यांवर गेली.

"हे कशाला?"

बाईंनी हातमोज्यांकडे पाहिलं. जुने, चामड्याचे, बोटांशी गुळगुळीत झालेले, एकही ओरखडा नसलेले.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी मी."

त्यांनी दार उघडलं. गुडघे दुखत होते तरी त्या खाली बसल्या आणि उघडा हात आत घातला. साहेबाच्या कपाळापर्यंत जायला त्या हाताला फार वेळ लागला. केस त्यांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी मऊ होते, आणि कानामागची कातडी ऊन ऊन लागत होती. साहेबानं डोळे मिटले. दातांची बारीक किरकिर ऐकू आली. ससा सुखावला की असा आवाज काढतो, हे बाई दहा वर्षं इतरांना सांगत आल्या होत्या. बाईंचे डोळे भरले. त्यांनी हात खाली त्याच्या नाकाशी आणला.

साहेबानं हात हुंगला. सकाळपासूनच्या कोथिंबिरीचा वास त्या बोटांना होताच. त्यानं तर्जनीचं टोक तोंडात धरलं आणि देठ तोडावा तसं कचकन दाबलं.

बाईंनी ओठ घट्ट मिटले. हात हळूच बाहेर काढून त्यांनी पदरात लपवला, पण पदरावर लाल डाग उमटलाच.

"चावला?" शमिका दचकून म्हणाली.

"छे गं. सकाळी विळीवर कापलं होतं. तेच उघडलं."

शमिकानं त्यांचा हात पदरातून बाहेर काढला. बोटावर शेजारी शेजारी दोन बारीक खुणा होत्या. ती त्या खुणांकडे पाहत राहिली, मग बाईंच्या चेहऱ्याकडे.

"हो," ती म्हणाली. "विळी असतेच तशी."

तिनं शेजारची कॉर्नफ्लॉवरची वाटी ओढली, बाईंचं बोट तीत बुडवलं आणि रक्त थांबेपर्यंत दाबून धरलं. साहेब तोवर काडी शोधत पुन्हा त्याच हातापाशी आला होता.