मालनचा एक तास

दौलत जिना चढून आला तो भिंत धरून. एका पायात चप्पल, दुसरी कुठं पडली देव जाणे. दारात मालनला बघून म्हणाला, "कोण गं तू?" आणि वर अशी शिवी हासडली, की चार वर्षांत त्या खोलीत कुणी ऐकली नव्हती.

शेजारची ललिता गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. "प्यायले वाटतं परत भावजी," ती म्हणाली. "नि ते पण संकष्टीला!"

आता मालनने काय करावं? बोंब मारावी? चार वर्षांमागं नवऱ्याने दारू सोडली, तेव्हापासून संकष्टी धरली. चंद्र दिसेपर्यंत पाण्याखेरीज काय नाय. लालबागच्या त्या चाळीत सगळ्यांना ठाऊक. आणि आज हे. तिला राग आला नाही, रडू पण नाही. गिरणीचा पट्टा उतरावा तसं आत सगळं गप्प झालं.

हात मात्र आपले कामाला लागले. वीस वर्षांची सवय ती. चटई टाकली, त्याला कुशीवर लोटला, उशाशी बालदी ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसली. तो बरळला, मग बरळायचा थांबला. तिने वळून बघितलं नाही. झोपला की उतरते, बघायचंय काय त्यात?

तासाभराने सूप ठेवायला उठली, तर पाय त्याच्या शर्टाला लागला. शर्ट चिंब. वर पंखा गरगरतोय आणि माणूस घामाने निथळतोय. कपाळ गार, माठासारखं. मालन वाकली, त्याच्या तोंडाशी नाक नेलं.

"ललिता," ती तिथूनच म्हणाली, "वास नाय गं येत."

ललिता धावत आली. तिला स्वतःला सहा वर्षं डायबेटिस. "सकाळी शुगरची गोळी घेतली भावजींनी?"

"घेतली की."

"आणि खाल्लं काय?"

"संकष्टी ना."

"अगं बये, प्यायलेत कुठले! साखर उतरलीय त्यांची!"

मालनने साखरेचं पाणी ढवळून आणलं. ललिताने तिचं मनगट धरलं. "शुद्धीत होते तेव्हा पाजायचं होतंस. आता गिळता येत नाय, छातीत जाईल. तोंडात काय घालू नको. कुशीवरच राहू दे. एकशेआठ लावते मी."

गाडीत ललिता तिच्या कानाशी लागली. "विचारलं तर आत्ताच बघितलं म्हणून सांग. काय?"

मालनने पदराने दौलतच्या कपाळावरचा घाम पुसला.

हॉस्पिटलात शिरेतून ग्लुकोज दिलं. दहाएक मिनिटांत दौलतने डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "किती वेळ असे होते हे?"

ललिताने कोपर मारलं.

"तासभर," मालन म्हणाली. "वर थोडं."

"एकटे होते?"

"नाही. मी बाजूलाच होते. प्यायलेत वाटलं, म्हणून निजू दिलं."

बाईंनी लिहून घेतलं. "अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं," म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

दौलतने सगळं ऐकलं होतं. जीभ अजून जड होती. "मी... प्यायलेला?" एवढंच त्याने विचारलं.

"हो. तसंच वाटलं मला."

त्याने तोंड भिंतीकडं फिरवलं. मालन उभीच होती.

"बस गं," ललिता म्हणाली.

मालन बसली.