डावखुऱ्याचा हातमोजा

मी एक जुना चामड्याचा हातमोजा आहे, बेसबॉल झेलण्याचा. मित्रांनो, डावखुरा गडी चेंडू डाव्या हाताने फेकतो, म्हणून झेलायला त्याला उजव्या हातातला मोजा लागतो. मी तसा. नागपूरच्या दुकानातून माझे भाऊबंद धडाधड विकले गेले, मी मात्र फळीवर धूळ खात पडलो. एके दिवशी जवळच्या सौंसर गावचा तरुण गजेंद्र आला, मला उजव्या हातात चढवून त्याने दोन बुक्क्या मारल्या आणि खुदकन हसला. माझे नशीबच उघडले म्हणा ना!

बागेत झाडावरून भिरकावलेली संत्री झेलून त्याची नजर तयार झाली होती. नागपूरच्या एका संघाने त्याला चक्क पगारावर घेतले. सौंसरला ते कुणाला पटेना. "खेळाचा पगार भेटते का कुठं?" म्हणून बसस्टँडवर लोक त्याची टर उडवत. त्याची आई अंबाबाई तर इतकी भोळी, की सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा तिने मला घालून चुलीवरची कढई उतरवली. "पंजा मस्त हाय रे!" म्हणाली. तो डाग अजून माझ्या अंगठ्यावर आहे.

आमचा हंगाम एकच झाला. शेवटच्या सामन्यात गजेंद्रने कुंपणापर्यंत उलटे धावत एक झेल घेतला, तेव्हा अख्खा संघ आनंदाने त्याच्या अंगावर पडला. पुढच्या वर्षी संघच मोडला. वर्तमानपत्रात त्याचे नाव एकदाही आले नाही. तो गावी परतून संत्र्यांच्या पेट्या भरू लागला आणि मला त्याने कापडात गुंडाळून माळ्यावर टाकले. बावीस वर्षे मला त्या हाताची फार आठवण आली.

परवा खालून रडणे ऐकू आले. त्याची मुलगी श्रुती, तीही डावखुरी.

"बाबा, शाळेतले सारे ग्लव्ज डाव्या हातात घालायचे हायेत. झेलल्यावर ग्लव्ज काढून डाव्या हातानं चेंडू फेकेपर्यंत समोरची पळून जाते. उद्या शाळेच्या टीमची निवड हाय!"

"जाऊ दे बेटा," गजेंद्र म्हणाला. "त्या खेळात काही नाही ठेवलं."

माझे चामडे आक्रसले. तेवढ्यात अंबाबाई बोलली, "जेवताना तुह्या डाव्या हातावर मी चापटा मारत होती, गजेंद्रा. चुकलंच माह्यं. आता पोरीच्या हातावर तू मारून राहिला. काढ तो पंजा!"

गजेंद्र शिडी चढला. माझी बोटे बांधणारी चामड्याची वादी कुजली होती. त्याने तिच्या जागी बुटाची नाडी ओवली, खोबरेल तेल चोळले आणि अंधार पडेपर्यंत लेकीला झेल दिले.

दुसऱ्या दिवशी श्रुतीने पाचही झेल घेतले. यादीत तिचे नाव लिहिता लिहिता सरांनी विचारले, "हा ग्लव्ज कुणाचा गं?"

"माह्या बाबांचा. ते पगारी खेळाडू होते."

कुंपणापलीकडे गजेंद्र उभा होता. त्याने डाव्या हाताने डोळे पुसले.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर असे काही पडले असेल, तर ते खाली काढा, त्याला तेल लावा आणि ते कुणाचे होते ते घरात विचारा. गजेंद्रला बावीस वर्षे कुणी विचारलेच नव्हते.